पाऊस पडण्याआधी एक दिवस द्या

सांवेर रोड, बाणगंगा आणि आसपासच्या वस्त्यांतील रहिवाशांना, कामगारांना, कारखानदारांना आणि इंदूरच्या समस्त मराठी मंडळींना कळकळीचे आवाहन



मृग लागायला आता थोडेच आठवडे उरले आहेत. पहिल्या जोराच्या सरीला सांवेर रोडचे नाले तुंबतील. कारखान्यांच्या मागच्या खड्ड्यांत पाणी साचेल, भंगाराच्या ढिगाऱ्यातले टायर आणि ड्रम भरतील, आणि जमिनीखाली ड्रेनेजची नळी व पिण्याच्या पाण्याची नळी जिथे हातभर अंतरावरून जातात तिथली प्रत्येक फट आपली परीक्षा घेईल. त्याआधी तुमच्याकडे एकच मागणे आहे. आपल्या गल्लीत, कारखान्याच्या गेटवर, मंडळाच्या मांडवात एक पूर्ण दिवस आरोग्यासाठी द्या. तो दिवस भरवा, त्याला हजर राहा, आणि शेजाऱ्याला हाताला धरून सोबत आणा.

हे आजच का सांगावे लागते, ते भागीरथपुऱ्याला ठाऊक आहे. सांवेर रोडच्या तोंडाशी, बाणगंगेच्या बाजूला असलेली ही दाट वस्ती. डिसेंबर 2025 च्या अखेरीस तिथल्या नळांच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. पाण्याला वास येतो, रंग वेगळा दिसतो, असे लोक आधीपासून सांगत होते. मग घराघरांत उलट्या आणि जुलाब सुरू झाले. शेकडो माणसे दवाखान्यांत दाखल झाली, कित्येक दगावली, त्यात तान्हे बाळही होते. वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याच शहरात हे घडले. रस्ता झाडलेला होता, घंटागाडी रोज येत होती, भिंती रंगवलेल्या होत्या. रोग जमिनीखालून आला.

दोष कोणाचा, हे ठरवणाऱ्या यंत्रणा आहेत आणि त्यांनी ते ठरवलेच पाहिजे. जाब विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे, तो सोडू नका. पण चौकशीचा निकाल लागेपर्यंत आपल्या घरातले मूल तेच पाणी पीत राहणार आहे. म्हणून आपल्या हातात जे आहे, ते आपण आज करू या.

एका बाटलीची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत आम्ही काही जणांनी घरोघरी पाणी तपासायचे ठरवले. औषधाच्या बाटलीएवढी छोटी काचेची बाटली, आत रसायन लावलेला कागदाचा तुकडा. नळाचे पाणी खुणेपर्यंत भरायचे, झाकण लावायचे आणि एक-दोन दिवस घरातच उबेला ठेवायचे. ही साधी पद्धत 1982 साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली. आपल्याच प्रदेशातली ही देणगी पुढे देशोदेशींच्या खेड्यांपर्यंत पोचली.

एका घरातल्या काकूंनी आम्हाला ग्लास उजेडात धरून दाखवला. पाणी काचेसारखे. ‘आमचं पाणी चांगलंच आहे, उगाच कशाला बाटली वाया घालवता?’ असे त्या म्हणाल्या. तरी आम्ही बाटली भरली आणि ओट्याच्या खिडकीत, मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या सुनेने हाक मारून बोलावले. बाटलीतले पाणी शाईसारखे काळे झाले होते. मैलापाण्यातले जंतू असले की ते असे काळे पडते. काकू बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिल्या, मग उठून त्यांनी हंडा रिकामा केला. त्या दिवसापासून त्या घरात पाणी उकळल्याशिवाय कोणाच्या ओठांना लागत नाही.

दहा भाषणांनी जे झाले नसते ते एका बाटलीने केले. आरोग्यशिक्षण म्हणतात ते हेच. माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच डोळ्यांना दिसले पाहिजे. फलकावर लिहिलेली सूचना आपण वाचतो आणि पुढे जातो. खिडकीतली काळी बाटली विसरता येत नाही.

इंदूरने हे पूर्वी केले आहे

आरोग्याचा दिवस म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर कंटाळवाणा मांडव, उशिरा येणारे पाहुणे आणि हारतुरे येतात. तो तसा असायची काही गरज नाही. याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही, ते याच शहरात आहे.

1897 साली पुण्यात प्लेग होता. सरकारने तो जबरदस्तीने आवरायचा प्रयत्न केला. सैनिक घरांत शिरले, सामान बाहेर फेकले गेले, बायाबापड्यांची विटंबना झाली. लोकांना रोगापेक्षा तपासणीचे भय वाटू लागले. 22 जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे. त्यातला आरोग्याचा धडा मात्र आपण क्वचितच वाचतो. माणसाचा विश्वास गमावून त्याचे प्राण वाचवता येत नाहीत.

पुढे वीस वर्षांनी, 1917 साली, तोच प्लेग इंदुरात होता. होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाला बोलावले होते. गल्लीबोळांतून नकाशे घेऊन फिरणाऱ्या या परक्या माणसाकडे लोक संशयाने बघत. हा आला की घरे पडणार, अशी भीती होती. गेडिसने एक दिवस शहराची सूत्रे मागून घेतली आणि दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. तिचा मार्ग जुन्या वहिवाटीचा नव्हता. ज्या मोहल्ल्यातली घरे सर्वांत स्वच्छ, डागडुजी केलेली, झाडे लावलेली असतील, त्या मोहल्ल्यातून मिरवणूक जाणार होती. कचरा फुकट उचलून नेला जाईल, असेही सांगितले गेले.

शहर कामाला लागले. गेडिसच्याच हिशेबाने सहा हजारांहून अधिक खेपा कचरा घराघरांतून आणि वाड्यावाड्यांतून निघाला. मग मिरवणूक निघाली. तिच्यात हत्तीवर लक्ष्मी होती, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस होता, प्लेगचा भलाथोरला उंदीर होता, हिवताप आणणारे डास होते. आणि शहर झाडणारे सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून, मानाने चालत होते. मिरवणुकीत लोकांना तुळशीची रोपे वाटली. शेवटी अंधार पडताना त्या राक्षसाला आणि उंदराला आग लावली गेली. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, गेडिसने इंदूरच्या नगररचनेचा आपला दोन खंडांचा अहवाल दरबाराला सादर केला.

रोग तोच होता, भय तेच होते. पुण्यात दारे फोडली गेली आणि इंदुरात लोकांनी आपल्या हातांनी दारे उघडली. आरोग्य लादता येत नाही, ते सणासारखे आपलेसे करावे लागते, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी आपल्या शहराला कळली होती. आपण अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या बघायला रात्रभर जागणाऱ्या शहरातले लोक आहोत. उत्सव कसा करायचा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्या दिवशी काय करायचे

मोठा खर्च लागत नाही. पाच टेबले, थोड्या खुर्च्या, सावलीला ताडपत्री, एका कोपऱ्यात आडोसा आणि एक जाड वही. जवळच्या संजीवनी क्लिनिकला, आशाताईंना आणि नर्सताईंना आधी कळवा. त्यांचे काम यामुळे सोपेच होते.

पहिले टेबल पाण्याचे. प्रत्येक घराने आपल्या नळाचे, टाकीचे, टँकरचे पाणी आणावे. जिथे पाणी काळे पडेल त्या गल्लीची नोंद करा आणि दहा जणांच्या सह्यांनी महानगरपालिकेकडे लेखी व ‘इंदौर 311’ वर तक्रार करा. एकट्या माणसाची तक्रार हरवते, गल्लीची हरवत नाही. तोवर पाणी खळखळून उकळू द्या, झाकून ठेवा, आणि हंड्यात हात न बुडवता ओगराळ्याने काढा. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. उकळल्याने जंतू मरतात, रसायन जात नाही. औद्योगिक भागातल्या बोरिंगचे पाणी रंगीत, फेसाळ किंवा उग्र वासाचे आले, तर ते उकळूनही पिऊ नका, त्याची प्रयोगशाळेत तपासणी मागा.

याच टेबलावर प्रत्येक आईला, आजीला आणि घरातल्या पुरुषालाही जलसंजीवनी करायला शिकवा. स्वच्छ पाणी एक लिटर, साखर चहाचे सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. जुलाब सुरू होताच घोट घोट द्यायला लागा. बाळाचे दूध बंद करू नका. लहान मुलाला दवाखान्यातून झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या 14 दिवस पुऱ्या करा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर क्षणही न दवडता 108 ला फोन करा. हे पाणी साधे दिसते म्हणून त्याला कमी लेखू नका. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याचे पिंप भरून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, ती संख्या चारच्या खाली आली. ते प्राण वाचवणाऱ्यांत डॉक्टर थोडे आणि आयाबहिणी जास्त होत्या.

दुसरे टेबल रक्तदाब आणि साखरेचे. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात 15 वर्षांवरच्या दर चार पुरुषांत जवळजवळ एकाचा आणि दर पाच स्त्रियांत एकीचा रक्तदाब वाढलेला आहे. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. एका कारखान्याच्या गेटवर आम्ही मशीन घेऊन बसलो होतो. पोती उचलणारा पस्तिशीचा गडी, दंड लोखंडासारखे, मित्राच्या आग्रहाखातर हसत खुर्चीत बसला. मशीनवर 190 आणि 114 आले. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजले, तेवढेच. ‘मला काहीच होत नाही, ताई. कधी कधी डोकं जड होतं, चहा घेतला की जातं,’ असे तो म्हणाला. त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेले. आज तो रोज एक गोळी घेतो आणि पोतीही उचलतो. त्या दिवशी तो खुर्चीत बसला नसता तर त्याच्या घरी काय निरोप गेला असता, हे मनात येते आणि अंगावर काटा उभा राहतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे पाठ टेकून बसा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. 180/120 च्या पुढे गेले तर त्याच दिवशी. उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून घ्या. आणि घरातल्या सर्वांना हे पाठ करायला लावा: तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, की तो अर्धांगाचा झटका. मालीश, नवस, वाट बघणे काही नको. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.

तिसरे टेबल खोकल्याचे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांतले काहीही असेल तर थुंकी तपासा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो, पण बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर औषधाला न जुमानणारा क्षय मागे लागतो. उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी नि-क्षय पोषण योजनेतून दरमहा 1000 रुपये खात्यात येतात. एका खोलीत सहा जण शिफ्टप्रमाणे पाळीपाळीने झोपणारी आपली पोरे आहेत. एकाचा खोकला हा तिथे सहा जणांचा प्रश्न असतो.

या टेबलावर आणखी एक प्रश्न विचारायचाच: काम काय करता? 1700 साली इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी सांगून ठेवले आहे की रोग्याला त्याचा धंदा विचारल्याशिवाय निदान करू नये. आपल्या शेजारच्या झाबुआ, अलिराजपूर, धार जिल्ह्यांतले आदिवासी तरुण गुजरातेत दगड दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि छातीत सिलिकाची धूळ घेऊन परतले. कित्येक परतल्यावर काही वर्षांतच गेले. कैक जणांच्या आजाराला आधी क्षयच समजले गेले. सिलिकोसिसवर औषध नाही, तो टाळावाच लागतो. दगड ओला ठेवून दळणे, धूळ खेचणारा पंखा आणि चांगला मास्क, एवढ्याने तो टळतो. तोंडाला बांधलेल्या गमछ्याने टळत नाही.

चौथे टेबल तोंडाचे. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. गेली नाहीत तर तोंड आवळत चालले आहे. सुपारी-गुटख्याने होणारा हा विकार कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकतो. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट अजिबात सहन न होणे, या खुणा दिसल्या की दंतवैद्याकडे जा. मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी घातली आणि देशात पहिले पाऊल टाकले. तरी दोन वेगळ्या पुड्या घेऊन त्या हातावर मिसळणारी पोरे आपल्या गेटवर रोज दिसतात. सोडायचे असेल त्याला एकटे सोडू नका. 1800-11-2356 या क्रमांकावर फुकट मार्गदर्शन मिळते. त्याच्याशेजारी बसून फोन लावून द्या.

पाचवे टेबल बायकांचे, आडोशातले. इथे नर्सताईच हव्यात आणि पुरुषांपैकी कोणी फिरकता कामा नये. पाकिटे भरणाऱ्या, निवडण-टिपण करणाऱ्या, दिवसभर उभ्या राहणाऱ्या आपल्या बहिणींनी इथे हिमोग्लोबिन बघावे. देशात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. थकवा हे बाईचे नशीब नाही, बहुतेक वेळा ते लोहाच्या गोळ्यांनी भरून निघणारे कमीपण आहे. तिशीनंतर स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर 12 वर्षे अभ्यास केला. जेमतेम चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या वस्तीतल्या कार्यकर्त्या व्हिनेगरसारखे द्रावण लावून उघड्या डोळ्यांनी तपासत. दर दोन वर्षांनी एवढेच करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नाही, मोठे हॉस्पिटल नाही. आपल्यासारख्याच वस्त्या, आपल्यासारख्याच बायका. अंगावरून जाणे, अवेळी रक्तस्राव, छातीतली गाठ याबद्दल नवऱ्याजवळही न बोललेली गोष्ट इथे सांगा. लाज ही रोगाची सर्वांत जुनी मैत्रीण आहे.

‘मला काय झालंय?’

हा प्रश्न आम्ही रोज ऐकतो. त्यामागे बेफिकिरी क्वचितच असते. एक दिवस गेला की रोज बुडतो, ही चिंता असते. काहीतरी निघाले तर ठेकेदार कामावरून काढेल, ही भीती असते. आजाराचे नाव कळले की मुलीचे लग्न अडेल, हा घोर असतो. या चिंता खऱ्या आहेत, त्यांना हसू नका. त्यावर उत्तर द्या. दिवस रविवारी ठेवा किंवा शिफ्ट सुटण्याच्या वेळी गेटवरच टेबल लावा. कोणाला काय निघाले ते चारचौघांत मोठ्याने सांगू नका, चिठ्ठीवर लिहून हातात द्या. आणि हे समजावून सांगा की महिन्याच्या गोळ्यांचा खर्च आणि आयसीयूतल्या एका रात्रीचा खर्च यांची तुलनाच होत नाही. कर्ज काढून गाव सोडणारी कुटुंबे आपण पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी वेळेवर न मोजलेल्या एका आकड्याने बुडाली.

कोणी काय करायचे

*कारखानदारांनो,* ए सेक्टरपासून पुढच्या सगळ्या सेक्टरांतली तुमची यंत्रे तुम्ही बंद पडण्याआधी तेलपाणी करून तपासता. तीच नजर यंत्र चालवणाऱ्याकडे वळवा. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी, ही नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितेत दिलेली हमी आहे. ती उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून द्या आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचे ईएसआय कार्ड चालू आहे का, हे बघा. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि तरी नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयाची वाट माहीत नसलेले कामगार आम्हाला रोज भेटतात.

*मंडळांनो,* गणपतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा यंदा आधीच काढा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात रक्तदाबाची कितीतरी यंत्रे येतात आणि ती वर्षानुवर्षे टिकतात. यंदाच्या देखाव्यात गेडिसच्या उंदराच्या जागी काळी बाटली दाखवा. गुटख्याचा राक्षस करा आणि पोरांच्या हातूनच तो जाळा.

*डॉक्टरांनो, परिचारिकांनो, वैद्यकीय विद्यार्थ्यांनो,* महिन्यातून अर्धा दिवस द्या. औषधाचे नाव सांगण्याआधी त्या माणसाच्या भाषेत त्याचा आजार सांगा. निमाडी, माळवी, मराठी, भिली, जी त्याची असेल ती.

*शहरातल्या मराठी घरांनो,* रामबाग, लोकमान्यनगर, राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्यांनो, हे आवाहन तिकडच्यांसाठी आहे असे समजून पान उलटू नका. तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाई, तुमचा गॅस आणणारा मुलगा, तुमची औषधे आणि फरसाण पाकिटात भरणारे हात बऱ्याचदा याच बाजूचे असतात. जंतूला वॉर्डाची हद्द कळत नाही. 1897 च्या पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगची लागण झालेल्या मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्याच रोगाने 10 मार्चला गेल्या. आपल्याकडून कोणी एवढे मागत नाही. एक रविवार, एक टेबल, थोडे लिहिणे आणि थोडे ऐकणे, इतकेच मागणे आहे.

दुसऱ्या दिवसाची वही

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिबिरे यापूर्वीही झाली. लोक आले, आकडे लिहिले गेले, फोटो निघाले, मांडव उतरला. महिन्याने विचारले तर ज्याचा रक्तदाब वाढलेला होता त्याने गोळी सुरू केलेलीच नव्हती. मोजणे हे अर्धे काम आहे. वही हे उरलेले अर्धे.

म्हणून दर वीस-पंचवीस घरांमागे एक बाई निवडा, जिच्याकडे शेजारीण मीठ मागायला निःसंकोच जाते. ती आरोग्यसखी. वही तिच्याकडे राहील. कोणाला पुन्हा तपासायचे, कोणाची औषधे संपत आली, कोणता नळ काळा निघाला, कोण बाळंतीण आहे, हे ती बघेल. शिकलेली असलीच पाहिजे असे नाही. 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ज्यांना उभे केले, त्यांतल्या अनेक बायकांना अक्षरओळखही नव्हती, आणि त्यांनी गावेच्या गावे बदलली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि जगाने ते उचलले. दुर्गम गडचिरोलीत जे जमले, ते रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये हाकेच्या अंतरावर असलेल्या सांवेर रोडवर जमणार नाही का?

2028 चा सिंहस्थ आता दूर नाही. लाखो यात्रेकरू याच वाटेने उज्जैनला जातील, आणि शहरातून वाहत जाणारी कान्ह पुढे क्षिप्रेलाच मिळते. आपले पाणी आणि आपले आरोग्य ही तोवर फक्त आपल्या गल्लीची गोष्ट उरणार नाही.

म्हणून हे वाचून झाल्यावर एवढेच करा. येत्या रविवारी संध्याकाळी आपल्या घरासमोर चटई टाका आणि दहा शेजाऱ्यांना चहाला बोलवा. त्या दहांत दिवस ठरवा, टेबले वाटून घ्या, वही कोणाकडे राहील ते ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या बाटल्या भरा आणि खिडकीत ठेवा. आणि आरोग्याच्या त्या दिवशी जो जो येईल त्याला जाताना एक तुळशीचे रोप द्या, शंभर वर्षांपूर्वी या शहराने दिले होते तसे. घरी ते कुंडीत लावले की रोज पाणी घालावे लागेल, आणि घालताना रोज कोणीतरी विचारेल, पाणी उकळले का?

पाऊस कोणासाठी थांबत नाही. आपण त्याच्याआधी पोचू या.

आपला,
सांवेर रोडवरचा एक शेजारी